नापास बरण्या

आजाऱ्याला भेटायला जाताना लोक सफरचंदं घेऊन जातात. आमच्या घरमालकीणबाई रिकामी पिशवी घेऊन जायच्या आणि आजाऱ्याच्या उशाशी साठलेली सफरचंदं तिच्यात भरून घरी आणायच्या. चोरून नाही हं! राजरोस, घरच्यांच्या डोळ्यांदेखत, वर त्यांनाच पिशवीचं तोंड धरायला लावून.

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वरच्या मजल्यावरची खोली माझ्याकडे होती. मी मूळची अकोल्याची. विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि खोली शोधत मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी नाव, गाव, पगार काही म्हणता काही विचारलं नाही. म्हणाल्या, "नखं दाखव." मी दाखवली. "दात?" मी चांगली कमावती बाई, पण त्या आवाजापुढे माझे ओठ आपोआप फाकले. "बरे आहेत," त्या म्हणाल्या, "आण सामान."

हा आवाज मुलींच्या शाळेत कमावलेला होता. जन्मभर त्या पीटीच्या बाई होत्या. दर शनिवारी सकाळी मैदानावर रांग लावून नखं, वेण्या आणि दात तपासायच्या. पिवळे दात घेऊन आलेल्या पोरीला मैदानाची चक्कर ठरलेली. निम्म्या अमरावतीच्या बायका त्यांच्या शिट्टीवर धावलेल्या. रिटायर झाल्या तरी कडक इस्त्रीची सुती साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हात हलवत चालणं काही सुटलं नव्हतं. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही बाईच म्हणू लागले.

कुणी आजारी पडल्याचं कळलं की बाई लगेच जायच्या नाहीत. सफरचंदं साठायला वेळ द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग एक दिवस पिशवी काखोटीला मारून निघायच्या. पोस्टमास्तरांच्या हर्नियाच्या वेळी मी सोबत होते. बाई खुर्चीवर ताठ बसल्या, पोस्टमास्तरांकडे एकदा पाहिलं, आणि टेबलावरच्या ढिगाकडे बोट करून विचारलं, "हे सेप कोण खाते?"

आपल्याकडे आजाऱ्याचं सफरचंद खरं म्हणजे कुणीच खात नाही. आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते, आणि घरच्यांना ते त्याच्या तोंडचं काढून खाल्ल्यासारखं वाटतं. मग ती बिचारी टेबलावर सुरकुतत बसतात. पोस्टमास्तरांच्या सुनेनं तरी थोडा जोर केला. "बाई, त्यातली काही माझ्या माहेरून आली आहेत."

"माहेरून आले तं मंग खाल्ले काहून नाई?"

सुनेचे खांदे पडले. तीही बाईंचीच विद्यार्थिनी निघाली.

"पिशवी धर," बाई म्हणाल्या. आणि निघताना उंबऱ्यातून मागे वळून, "अन् पाठ सरळ ठेव."

मी तर लाजेनं अर्धी झाले होते. रस्त्यात मी म्हटलं, "बाई, लोक काय म्हणतील?" तर म्हणाल्या, "लोकायच्या घरी सडून राह्यले होते, तवा लोक काय म्हणत होते?"

घरी आल्या आल्या पिशवी ओट्यावर उपडी व्हायची. कडक, लालभडक, चकचकीत सफरचंदावर बाईंचा राग. त्यांना मऊ पडलेली, सुरकुतलेली, एखादा डाग पडलेली आवडायची. डाग तेवढा काढायचा, बिया काढायच्या, साल ठेवायची. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला जेमतेम पाणी, त्यात फोडी, वर झाकण, आणि गॅस अगदी बारीक. घाई केली की खाली लागतं आणि मग सगळ्या पातेल्याला वास. फोडी गळून गेल्या की पुरणयंत्र! हो, पुरणाचंच. साल वर राहते आणि खाली गुळगुळीत गर उतरतो. तो परत गॅसवर चढवायचा, त्यात लिंबाचा रस, थोडी साखर, दालचिनीचा तुकडा. बशीत एक थेंब टाकून बघायचं. थेंबाच्या कडेनं पाणी सुटलं तर अजून शिजू दे.

पोस्टमास्तरांचा पुण्याचा जावई एकदा म्हणाला, "अहो, हा तर अॅपल सॉस!" बाईंना ते अजिबात आवडलं नाही. "सॉस समोशासंग देते. हा गर आहे."

अमरावती संत्र्यांची. हंगामात वरूड-मोर्शीकडून येणाऱ्या संत्र्यांनी बाजार पिवळा होऊन जातो. कुणीही विचारायचं की बाई, संत्री सोडून हे काय खूळ? बाईंचं उत्तर ठरलेलं. "संत्रं कोणालेबी खाता येते. तोंडात धरलं का झालं."

बरण्या भरायचा कार्यक्रम म्हणजे तर परीक्षाच. लोणच्याच्या, जॅमच्या, मधाच्या, कुठल्या कुठल्या काचेच्या बरण्या पातेल्यात खाली फडकं अंथरून उकळायच्या. झाकणंही उकळायची. गर उकळता असतानाच भरायचा, वर बोटभर जागा सोडायची, बरणीचं तोंड पुसायचं, झाकण लावायचं आणि भरलेली बरणी परत उकळत्या पाण्यात. बाहेर काढली की टॉवेलावर ठेवायची. ओट्यावर टेकवली तर तडकलीच म्हणून समजा. मग बाई समोर स्टूल टाकून बसायच्या, शिट्टी गळ्यात नसली तरी असल्यासारख्या. गर निवत आला की झाकणाचा मधला फुगवटा आत बसतो आणि आवाज होतो, टक्. "पास!" बाई म्हणायच्या. दुसरी टक्. "पास!" एखादी मुकी राहिली तर बाई अंगठ्यानं तिचं झाकण दाबून बघायच्या. खालीवर झालं तर ती नापास. पास बरणी कपाटात, वर्षभराची निश्चिंती. नापास बरणी टिकत नाही, ती लगेच संपवायची, आणि संपवायला वरच्या मजल्यावर मी होतेच. अमरावतीतली माझी सगळी नोकरी नापास बरण्यांवर झाली. पोळीला लावून, दुधात घालून, नुसता चमच्यानं. ग्रेस मार्क मात्र बाईंनी कधी कुठल्या बरणीला दिले नाहीत, नापासाला पास नाही की पासाला नापास नाही.

पास बरण्यांवर चिठ्ठी लागायची. सफरचंदं ज्याच्या उशाशी होती त्याचा आजार त्या चिठ्ठीवर. 'पोस्टमास्तरचा हर्निया.' 'तहसीलदारीणबाईचा गुडघा.' 'दर्यापूरच्या मामाचा मोतीबिंदू.' प्रत्येकाची एक बरणी त्याच्या घरी परत जायची, उरलेल्या कपाटात. कुणाच्या घरी म्हातारं माणूस जेवेनासं झालं, कुणाच्या लेकराच्या तोंडात फोड आले की बाई कपाट उघडायच्या. "गुडघा देऊ का हर्निया?" असं त्या गंभीरपणे विचारायच्या, आणि समोरचा माणूस हसावं की पळावं या विचारात पडायचा.

बाईंची एक गोष्ट मात्र मला कधी कळली नव्हती. इतक्या लोकांना खाऊ घालणारी ही बाई कुणासमोर घासभरही खायची नाही. लग्नाला जायची, आहेर करायची, पंगत बसली की "माह्यं झालं" म्हणून निघायची. मी एकदा हौसेनं वडा-भात केला, ताट घेऊन खाली गेले. त्यांनी ताट घेतलं, दार लावलं, आणि दुसऱ्या दिवशी घासून पुसून परत दिलं. आधी मला वाटलं, सोवळं असेल. पण सोवळ्याची बाई आजाऱ्यांच्या घरची सफरचंदं गोळा करत फिरेल होय? मग मला वाटलं, शिष्टपणा असेल. मग मी तो नाद सोडून दिला.

आणि मग माझ्या बाबांचा जबडा गेला.

बाबा अकोल्याला कोर्टात बेलिफ होते. तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. आई बोलून थकली, मी भांडून थकले. शेवटी कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, खालच्या जबड्याची एक बाजू काढली. डॉक्टर म्हणाले, वाचले. नाकातली नळी काढून घरी पाठवलं आणि बजावून सांगितलं की वजन उतरलं तर नळी परत घालावी लागेल.

माझे बाबा म्हणजे खाणारा आणि खाऊ घालणारा माणूस. गावात कुणाकडे रोडग्यांची पंगत असली की वाढायला बाबा. वांग्याच्या भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरायचे आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटात डबल वाढायचे. तोच माणूस आता ताट घेऊन मागच्या खोलीत जायचा आणि आतून कडी लावायचा. ताट जसंच्या तसं बाहेर यायचं. ओठाची एक बाजू मिटत नव्हती. खाल्लेलं हनुवटीवरून ओघळायचं आणि त्यांना कळायचंसुद्धा नाही, कारण तिथं स्पर्शच उरला नव्हता. ते एकदा चुलतभावासमोर झालं, त्याच्या लहान नातवानं बोट दाखवलं. झालं! त्या दिवसापासून तोंडाला दुपट्टा आणि खोलीला कडी. डोळ्यांदेखत वाळत चालले होते. आई फोनवर नुसती रडायची. आणि भेटायला येणारे येतच होते. घेऊन काय येणार? सफरचंदं! ज्याला जबडा नाही त्याला सफरचंदं! परातीत मावेनात.

मी एका संध्याकाळी जिन्यात बसले होते. बाईंनी खालून पाहिलं.

"काहून वं? तोंड पाडून काहून बसली?"

मी सगळं सांगितलं. नळीचं सांगताना मला हुंदका आला. बाईंनी धीर वगैरे काही दिला नाही. विचारलं, "सेप किती जमले?"

"परातभर."

"रविवारी मी येतो तुह्यासंग अकोल्याले."

रविवारी आम्ही एसटीनं निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत बाई ताठ बसून होत्या. मांडीवर रिकामी पिशवी. मला धाकधूक, कारण बाबांचा स्वभाव मला माहीत. जन्मभर लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवलेला माणूस, कुणाचं ऐकायची सवय नाही.

बाबा पुढच्या खोलीत दिवाणावर बसले होते, तोंडाभोवती दुपट्टा. बाई समोर बसल्या. प्रकृतीची चौकशी नाही, देवाची मर्जी नाही, काही नाही. परातीकडे बोट. "हे सेप कोण खाते?"

"कोणीच नाई वं माय," आई म्हणाली.

"पुरणयंत्र आहे का घरात?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढचा सगळा वेळ बाई आमच्या स्वयंपाकघरात होत्या, आणि आई, जी स्वतःच्या सख्ख्या जावेला ओट्याला हात लावू देत नाही, ती त्यांना फडकी काढून देत होती. घरभर दालचिनीचा वास सुटला. बऱ्याच दिवसांनी आमच्या घराला औषधाखेरीज दुसरा वास आला.

बाई दोन वाट्या घेऊन बाहेर आल्या. एक बाबांच्या हातात दिली. बाबा वाटी घेऊन उठले आणि मागच्या खोलीकडे वळले.

"कुठं चालले? बसा."

त्या आवाजाला बाबाही बसले. मग दुपट्ट्याआडून, अडखळत म्हणाले, "बाई, लोकायसमोर नाई जमत मले. गळते."

खोलीत आम्ही चौघंच, पण दार सताड उघडं, अंगणात शेजारची माणसं. मला वाटलं, बाई आता दार लावायला सांगतील. पण त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग त्यांनी पदर नीट केला, दोन बोटं तोंडात घातली आणि कवळी काढली. वरची काढली, खालची काढली, आणि दोन्ही बाबांच्या समोर स्टीलच्या बशीत ठेवल्या.

मी बघतच राहिले. बाईंचा चेहरा एकाएकी खाली बसला. गाल आत गेले, हनुवटी वर आली. नखं-दात तपासणाऱ्या पीटीच्या बाई गेल्या आणि तिथं एक बोळकं झालेली म्हातारी बसली होती. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना लाजलेलं पहिल्यांदा पाहत होते.

"आता खा," त्या म्हणाल्या, "माह्यंबी गळते." आणि त्यांनी चमचा तोंडात घातला. खरंच गळलं. गर ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला. त्यांनी तो पुसला नाही.

मग खात खात, बोबड्या बोलीत त्यांनी सांगितलं. नोकरीत असतानाच हिरड्या गेल्या. साऱ्या शाळेचे दात तपासणारी बाई, तिचेच दात पडायला लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला जाऊन सगळे काढून टाकले आणि गावात सांगितलं, टायफॉईड झाला. "मंग काय, साऱ्या मास्तरणी भेटाले! अन् आणलं काय? सेप! मी पदर तोंडाले लावून बसली, अन् त्या म्हणे, बाई, एक फोड तरी खा!" हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत त्या घरात कोंडून राहिल्या. ती सगळी सफरचंदं त्यांनी दार लावून शिजवली, पुरणयंत्रातून काढली आणि त्यावर जगल्या. "तवापासून कोणासमोर जेवली नाई मी," त्या म्हणाल्या. "आज जेवून राह्यली."

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी उठणार तेवढ्यात लक्षात आलं की ते हसतायत, अर्ध्या तोंडानं, वाकडे. "टायफॉईड!" ते म्हणाले. त्यांनी दुपट्टा सोडला, मांडीवर ठेवला आणि वाटीतला गर खाल्ला. सगळा. ओघळला, तो आईनं पुसायला हात पुढे केला तर बाईंनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. बाबांनी रिकामी वाटी आईपुढे धरली. मी आत जाऊन मोरीत उभी राहून रडले. सुखाचंच रडू, पण आवरेना.

परतीच्या बसमध्ये बाई पुन्हा ताठ, दात जागेवर. बडनेरा आलं तेव्हा म्हणाल्या, "गावात कुठं बोलली, तं खोली खाली करा लागन." मी मान हलवली.

त्यानंतर बरण्या अकोल्याला जाऊ लागल्या. चिठ्ठी 'अकोल्याचा जबडा'. पुढे बाबांनी आईचं पुरणयंत्र ताब्यात घेतलं आणि स्वतःच करायला लागले. फोनवर दोघांची भांडणं चालायची, साखर किती, लिंबू आधी की नंतर. वजन चढलं, नळीचं नाव निघालं नाही. बाबांच्या खोलीची कडी सुटली, पण घरापुरतीच. बाहेरच्या माणसासमोर ते अजून जेवत नव्हते. आणि बाई तर गावात मुळीच नाही.

मग एका सकाळी ओल्या अंगणात बाई घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पुढच्या खोलीत पलंग टाकला. साऱ्या अमरावतीच्या विद्यार्थिनी लोटल्या. आणि काय घेऊन आल्या, ते सांगायला नकोच. बाई पलंगावरून हताश होऊन त्या ढिगाकडे बघायच्या. उठता येत नव्हतं आणि माझ्या हातच्या गरावर त्यांचा भरवसा नव्हता.

बाबा अकोल्याहून आले. हातात रिकामी पिशवी. खुर्चीवर बसले, बाईंकडे एकदा पाहिलं आणि टेबलाकडे बोट केलं. "हे सेप कोण खाते?"

बाई हसल्या. "पिशवी धर वं," मला म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बाबा परत आले, बरणी घेऊन. चिठ्ठीवर त्यांच्या कोर्टाच्या वळणदार अक्षरात 'पीटीच्या बाईचा खुबा'. बाईंनी बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरून रंग पाहिला. मग झाकणावर अंगठा ठेवून दाबला. मी अगदी शेजारी उभी होते. झाकण घट्ट आत बसलेलं होतं, जरासुद्धा हललं नाही.

"नापास," बाई म्हणाल्या.

बाबा खुर्चीवरून उठलेच. "अहो बाई, असं कसं? मी सोता आयकलं, टक् वाजलं!"

"बाई कोण आहे? मी का तुमी?" बाईंनी बरणी माझ्याकडे दिली. "नापास आहे. आता लगेच संपवा लागते. वाट्या आण."

मी झाकण उघडलं तेव्हा ते इतकं घट्ट होतं की मला पदरानं धरून जोर लावावा लागला. वाट्या भरून आणल्या तेवढ्यात दारात पोस्टमास्तरांची सून आली, हातात सफरचंदांची पिशवी. बाबांचा हात दुपट्ट्याकडे गेला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि शांतपणे कवळी काढून उशाशी ठेवली.

सून उंबऱ्यातच खिळली.

"काय पाहून राह्यली? आज शनवार नाई," बाई बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "पिशवी ठेव तठी, अन् एक वाटी घे. पाठ सरळ."

ती आत आली, वाटी घेऊन जमिनीवर बसली, पाठ सरळ. बाबांचा हात अजून दुपट्ट्यावरच होता. मग त्यांनी तो सोडला आणि चमचा उचलला. गर त्यांच्या हनुवटीवर ओघळला, सुनेनं तो पाहिला, त्यांनी तिला पाहताना पाहिलं. ते थांबले नाहीत. बरणी पुढे ओढून त्यांनी तिच्या वाटीत, ती नको नको म्हणत असताना, डबल वाढलं.